बोरस्त्यांची चव

दिंडोरीजवळच्या बोरस्ते वाईनरीत येणारे पाहुणे आता ग्लासात आधी काडी बुडवत. वाईनमध्ये उरलेले जनुकांचे तुकडे वाचून ती द्राक्षाची जात, मळ्यातली माती, सगळं फोनवर दाखवी. लोक तिला मूळशोधक म्हणत. त्या रविवारी एका बाईंनी काडी बुडवली, घोट घेतला, मग फोन पाहिला आणि घोट रुमालात थुंकून टाकला.

पडद्यावर लिहिलं होतं: ‘यीस्टचा उगम : मानवी त्वचा.’

यीस्ट म्हणजे द्राक्षातल्या साखरेची दारू करणारी सूक्ष्म बुरशी. बोरस्त्यांचं घरचं यीस्ट नावाजलेलं होतं. त्याने वाईनला येणारी लवंगेसारखी चव दुसऱ्या कुणाला साधली नव्हती. वाईनरीची तिसरी पिढी चालवणाऱ्या हेमांगीला वाटे, ते द्राक्षांच्या सालीवरच येतं. तिने त्या बाईंची माफी मागितली. मग, टाक्यांचं काम अजून वडील संपतरावच बघत म्हणून, त्यांच्या सदऱ्याच्या बाहीला चिकटलेला कातडीचा कोंडा प्रयोगशाळेत तपासला. यीस्ट तेच निघालं.

संपतरावांना नवल वाटलं नाही. त्यांनी सरळ सांगून टाकलं. पहिल्या हंगामात यंत्र वेळेवर आलं नाही, म्हणून हेमांगीचे आजोबा दगाजी टाकीत उतरले आणि त्यांनी द्राक्षं पायांनी तुडवली. त्यांच्या पायांना इसब होता, त्यातून पाणी वाहत असे. त्या वाईनला पदक मिळालं. पुढच्या वर्षी यंत्राने केलेली वाईन बेचव निघाली, तेव्हा दगाजी पुन्हा टाकीत उतरले. त्यांच्यामागे संपतराव दरवर्षी कोपर खाजवून टाकीत हात घालत आले. प्रयोगशाळेत हे यीस्ट जगत नव्हतं. त्याला बोरस्त्यांची आजारी कातडीच लागे.

हीच वाईन हेमांगीने आपल्या लग्नात पाहुण्यांना वाटली होती.

मग तिला आठवलं. लहानपणी तिच्या गुडघ्यांवर इसब होता. आईने गुपचूप डॉक्टरांकडे नेऊन तो बरा केला, तेव्हा वडील कितीतरी दिवस आईशी बोलले नव्हते.

“अण्णा, मी बरी झाले म्हणून रागावला होतात?”

“माझं अंग आता कोरडं पडलंय, हेमा,” ते म्हणाले. “दोन हंगामांपासून टाकी नीट फसफसत नाही. तुझ्या अंगावर ते यीस्ट राहिलं असतं, तर ही वेळच आली नसती.”

‘ही वेळ’ म्हणजे काय, ते तिला एकदम उमगलं. ती घरात धावली. पाळण्यात मृदा झोपली होती. महिनाभर मलम लावूनही लेकीच्या कोपराच्या घडीतला लाल, ओलसर चट्टा वाढतच होता. हेमांगीने मलमाची डबी नाकाशी धरली. औषधाचा उग्र वास येईना. आत नुसतं खोबरेल थिजलं होतं.

संपतराव दारात येऊन उभे राहिले होते. त्यांच्या चेहऱ्यावर लाज नव्हती. “थोडी खाज सुटते, एवढंच,” ते म्हणाले. “आम्ही नाही का जगलो?”

त्यांच्याकडे न बघता तिने मृदाला उचललं आणि गाडी थेट नाशिकला, मुलांच्या डॉक्टरांकडे नेली. खरं मलम लागल्यावर पोर थोड्या वेळाने शांत झाली. जगात ते यीस्ट जिवंत उरलं होतं ती बहुधा ही शेवटची जागा, आणि तीही आता पुसली जात होती. हेमांगीला त्याचं तसूभरही वाईट वाटलं नाही.

तेवढ्यात फोनवर निरोप येऊ लागले. त्या बाईंच्या फोनवरची बातमी सगळीकडे पसरली होती; टाकीत हात घालण्याची गोष्टही वाईनरीतल्या कामगारांकडून फुटली होती. आता गिऱ्हाईक तुटणार, असं तिने धरूनच ठेवलं होतं. प्रत्यक्षात पुढच्या हंगामाची सगळी वाईन आगाऊ मागितली गेली होती.

एका जुन्या गिऱ्हाइकाने आपुलकीने विचारलं होतं, “संपतराव आता थकले असतील. यंदा टाकीत हात कोण घालणार?”