दोन घरांचा माणूस

मेडशीच्या फाट्यावर जऊळक्याची एसटी अजून लागली नव्हती. अठ्ठ्याहत्तर सालचा माघ. कुठल्याशा खळ्यावरून तुरीचा भुसा वाऱ्यावर उडत येत होता. कडुनिंबाखालच्या ओट्यावर बसून अंजना गुडघ्यावरच्या कागदावर चौकटी काढत होती. एक चौकट, एक रेघ, रेघेच्या टोकाला गोल...

"या चौकटीत कोन राह्यते?"

तिनं दचकून वर पाहिलं. पांढरा सदरा, खांद्याला शबनम, बोटांना खडूची भुकटी. डोळ्यांत चेष्टा नव्हती. तो खरंच विचारत होता.

"कुटुंब," ती म्हणाली. "अन् गोलात माणूस. तो कोनत्या घरचा, ते ही रेघ सांगते."

"घराले दार नाई, खिडकी नाई... अन् माणूस मात्र बांधून ठेवला तुमी!"

तिला हसू आलं. तो मेडशीच्या शाळेत शिक्षक होता. नाव प्रेमसिंग. एसटीचा पत्ता नव्हता, म्हणून तिनं आपल्या कामाचं सांगितलं. नागपूरच्या एका संशोधन संस्थेत ती कॉम्प्युटरवर काम करायची. प्रोग्राम लिहिण्याआधी सगळ्या माहितीचं चित्र कागदावर काढावं लागतं. पण जो तो आपल्या मनानं काढतो आणि एकाचं दुसऱ्याला समजत नाही. म्हणून ती त्या चित्रांची एक भाषा बनवत होती. कोणत्या खुणा वापरायच्या, कोणती रेघ कुठून कुठं न्यायची, काय चालेल, काय चालणार नाही.

"म्हंजे तुमी चित्र नाई काढून राह्यल्या," तो सावकाश म्हणाला. "चित्राचं व्याकरण लिहून राह्यल्या."

अंजना त्याच्याकडे पाहतच राहिली. घरी आजवर हे कुणाला सांगता आलं नव्हतं.

"मंग या भाषेत मलेच काढून दाखवा," तो म्हणाला.

तिनं गोल काढला. आत त्याचं नाव लिहिलं. "घर कोनतं?"

"दोन हायेत."

त्याचे आईबाप बंजारा. दरसाल खडी फोडायला मुलुखभर फिरायचे. पोराची शाळा बुडू नये म्हणून त्यांनी त्याला लहानपणीच मेडशीच्या माणिकराव आणि विमलबाईंकडे ठेवलं. हे नवरा-बायको बौद्ध, पोटी मूल नाही. त्यांनी त्याला वाढवलं, शिकवलं. सख्खा बाप पुढे वारला. जवळच्या तांड्यावर राहणाऱ्या सख्ख्या आईला, जमनाबाईला तो याडी म्हणायचा, विमलबाईला माय. महिन्याचे अर्धे दिवस इथं, अर्धे तिथं.

"माह्या भाषेत तसं नाई चालत," अंजना हळूच म्हणाली. "एका माणसाले एकच घर. नियम हाये."

"मंग कोनती रेघ पुसू?"

त्यानं हसत विचारलं होतं... पण ते हसू टिकलं नाही. तेवढ्यात एसटी आली.

त्यानंतर नागपूरहून घरी येताना ती मेडशीला उतरली की तो फाट्यावर असायचाच. "सहज आलतो," म्हणायचा. ती म्हणायची, "गुरुजी, लय सहज येता तुमी." मग दोघंही दुसरीकडे बघायचे.

एकदा तो तिला दोन्ही घरी घेऊन गेला. विमलबाईंनी चहा दिला आणि म्हणाल्या, "लोक म्हनत, पोराचं नाव बदला. म्या म्हनलं, काहून? ज्या मायनं ठेवलं, तिचंच राहू द्या." तांड्यावर जमनाबाईनं तिला आपल्या शेजारी बसवलं. अंजनाचा हात हातात घेऊन ती नुसती बसून राहिली. तिच्या तळव्यांवर खडीचे जुने घट्टे होते.

त्या रात्रीपासून अंजनाला आपला नियम बोचू लागला. चित्र दुरुस्त करून भागणार नव्हतं. त्या भाषेत असा माणूस मांडताच येत नव्हता. नागपुरात तिनं संस्थेतल्या वरिष्ठ सरांना सांगितलं की नियम बदलायला हवा.

"मुंबईच्या परिषदेला महिना राहिलाय," सर म्हणाले. "एका अपवादासाठी सगळी मांडणी मोडणार तू?"

"अपवाद नाही, सर. दत्तक गेलेली मुलं आहेत, दोन ठिकाणी नांदणारी माणसं आहेत. आपण त्यांना अपवाद म्हणतो, कारण आपल्याकडे त्यांच्यासाठी रेघ नाही."

सर ऐकेनात. तीही हटली नाही. जुन्या नियमांचं काम मुंबईला दुसऱ्यानं मांडलं. अंजना नागपुरातच राहिली आणि तिनं पहिल्यापासून सुरुवात केली.

प्रेमसिंगला हे कळलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. "माह्यापायी तुमचं नुकसान झालं..."

"तुमच्यापायी नाई," ती म्हणाली. "खोटं होतं, म्हनून बदललं." मग जरा थांबून — "तुमी भेटले नसते, तर खोटं हाये हे समजलंच नसतं."

त्यानं तिच्या हातातली पिशवी घेतली आणि एसटी दिसेपर्यंत सोडली नाही.

त्यानं मागणी घातली ती वैशाखात. अंजनाचे वडील पंजाबराव जऊळक्याच्या स्टेशनावर रुळांचे सांधे बदलणारे पॉइंट्समन होते.

"जात म्या छप्पन सालीच सोडली, दीक्षा घेतली तवा," ते म्हणाले. "ते नाई इचारत. पन बोलनी कोनाशी करू? तुह्यं घर कोनतं?"

अंजना दाराआडून ऐकत होती.

"दोन्ही," प्रेमसिंग म्हणाला. "याडी येईन अन् मायही येईन. एकीले बाजूले ठेवून मले लग्न नाई करता येत. तुमी नाई म्हनलं तरी."

बाहेर मालगाडी धडधडत गेली. तिचा आवाज विरला तशी पंजाबरावांनी आत हाक मारली, "अंजने, पुढच्या आइतवारी च्याचं आधन वाढवून ठेव. दोन इहिनी येऊन राह्यल्या."

ती त्याला स्टेशनाच्या फाटकापर्यंत सोडायला गेली. ऊन कललं होतं. रुळांवरून गरम झळा येत होत्या.

"अंजना..." त्यानं पहिल्यांदाच नावानं हाक मारली. "तुले काम सोडायले कधीच नाई म्हननार. मीच नागपूरले बदली मागतो. दर शनवारी इकडं येत जाऊ, दोघींपाशी. पन... तथी तुह्या खोलीत माह्यासाठी जागा हाये का?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिनं पुसलं नाही.

"हाये," ती म्हणाली. "पन भाड्याची हाये. अन् नळाले पानी पहाटेच येते. तुले उठा लागन."

"उठीन," तो म्हणाला.