सुपारीचं वजन

दयाराम शेठच्या किराणा दुकानात मी तांदूळ घ्यायला नाही, मांजर मोजायला गेले होते.

सुपारीला बॅगेसकट काट्यावर ठेवलं, तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, "ही काय भाव?"

वळून पाहिलं. हातात गुळाची ढेप, चष्मा नाकावर घसरलेला, आणि चेहरा अगदी गंभीर.

"विकायची नाही," मी म्हणाले. "उडवायची आहे. विमानानं."

"सात किलो नऊशे," शेठनं आकडा वाचला.

विमान कंपनी स्वस्तातली, पण नियम कडक. बॅग आणि प्राणी मिळून सात किलो, वर एक ग्रॅम नाही. माझी बँकेतली बदली नागपूरला झाली होती, पाच आठवड्यांनी निघायचं होतं. घटस्फोटानंतर प्राची, माझी सहा वर्षांची लेक, वर्षभर जे काही बोलली ते सुपारीशीच. सुपारीला मागे ठेवून जायचं म्हणजे...

"वजन उतरेल," तो चष्मेवाला म्हणाला. "मी सत्यजीत. जनावरांचा डॉक्टर, दवाखाना पलीकडच्याच गल्लीत. दर मंगळवारी-शुक्रवारी आणत जा. बॅगेसकटच. विमानतळावर तसंच मोजतात." आणि बॅग उचलून त्यानं माझ्या हातात दिली.

मग मंगळवार आणि शुक्रवार येत राहिले. सुपारीच्या छातीला लावण्याआधी तो स्टेथोस्कोप तळहातात धरून जरा ऊब द्यायचा. ते मी पाहिलं. मी सगळंच पाहते. गॅस बंद आहे का, कडी लागली का, झोपेत प्राचीचा श्वास नीट चाललाय का. पण कुणाच्या तळहाताकडे इतका वेळ पाहिल्याचं आठवत नव्हतं.

वजन मात्र हलेना. शेवटी शेजारच्या गुणाबाईंना विचारलं. त्या पदराआड काहीतरी लपवत म्हणाल्या, "मी काय नाय दिला गो. बोंबलाची शेपटी म्हंजे काय जेवण हाय?"

हे सत्यजीतला सांगितलं तेव्हा हसता हसता त्याला चष्मा पुसावा लागला. मग म्हणाला, "हिचं सोडा. तुमचं वजन उतरलंय."

"मला सात किलोची अट नाहीये, डॉक्टर."

"तुमच्या जाण्यालाच काही अट असती तर..." एवढं बोलून तो औषधांचं कपाट लावू लागला. ते लावलेलंच होतं.

शेवटचा शुक्रवार. सात किलो सहाशे. प्राची बाहेर बाकावर कुणाच्या तरी पोपटाशी गप्पा मारत होती. सत्यजीतनं प्रवासाचा दाखला लिहायला घेतला, थांबला, आणि टेबलाखालून एक पातळ कापडी बॅग काढली. सुपारीला तिच्यात ठेवून काट्यावर चढवलं.

सहा किलो चारशे.

"तुमची जुनी बॅगच दोन किलोची आहे," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "दुकानात उचलली तेव्हाच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही मंगळवारी कशाला आला असतात?" तो थांबला. "चुकलं माझं. तुम्ही काळजीत होतात आणि मी..."

छपरावरून विमान गेलं. खिडकीची काच थरथरली. मी सुपारीचे कान कुरवाळत राहिले.

"मी काळजी करणारी बाई आहे, डॉक्टर. रिकामी बॅग त्याच दिवशी घरी मोजली. दुसऱ्या दिवशी हलकी आणली. अशीच, निळी. प्राचीलाही माहीत आहे."

त्यानं चष्मा काढला. "मग इथे... महिनाभर?"

"मग मंगळवार आला ना."

त्यानं दाखल्यावर शिक्का मारला, कागद माझ्यापुढे धरला, पण सोडला नाही. मीही ओढला नाही. दोन टोकं धरून आम्ही उभे, आणि मधे सुपारी जांभई देत होती.

"रुचिरा," पहिल्यांदाच त्यानं नावानं हाक मारली, "मला नागपूरला यायचं तर शनिवारी पहिलं विमान किती वाजता असतं?"

मला पाठ होतं. "सहा चाळीस."