तक्रारीत घट

औषध बाजारात आणायचं की नाही, हे आता माणसं ठरवत नव्हती. पूर्वी चाचणी संपल्यावर शास्त्रज्ञ सोयीचं तेवढं मोजत. रक्तदाब उतरला नाही, तर झोप सुधारली म्हणून सांगत. ही लबाडी मोडायला ‘साक्षी’ नावाची संगणकप्रणाली आली. काय मोजणार, कसं आणि केव्हा, हे चाचणीआधीच साक्षीकडे नोंदवायचं. चाचणीत तेवढं साधलं की परवानगी आपोआप मिळे. एकदा केलेल्या नोंदीतला शब्द मात्र कोणालाच बदलता येत नसे.

मैथिली घोरपडे साताऱ्यात मुलांना पोहायला शिकवायची. चेहऱ्याच्या नसेच्या दुखण्याने तिला घरी बसवलं. गालाला नुसता वारा लागला तरी कळ मस्तकात जाई आणि ती किंचाळे. डॉ. निरंजन कुलथे यांचं नवं औषध सुरू झालं आणि घर शांत झालं. घरच्यांनी पेढे वाटले.

धाकट्या बहिणीला, अवनीला, मात्र चैन पडेना. मैथिली घास तोंडात घेई आणि चावता चावता थांबे. कपाळावर घाम फुटे, पायांची बोटं आवळली जात. विचारलं की सपाट आवाजात म्हणे, “काही नाही गं.” अंगावरचं मांस झडत चाललं होतं. शेवटी अवनीने कोणाला न विचारता गोळ्या बंद केल्या.

काही दिवसांनी मैथिली पुन्हा किंचाळली. कळ ओसरल्यावर तिने बहिणीचा दंड धरला.

“मी आत ओरडतच होते, अवनी. तोंडातून ‘काही नाही’ एवढंच यायचं.”

दोघी थेट पुण्याला डॉक्टरांच्या प्रयोगशाळेत गेल्या. कुलथेंनी काही नाकारलं नाही. वेदना जाणवणं आणि ती व्यक्त करणं ही मेंदूची दोन वेगळी कामं आहेत, असं त्यांनी समजावलं. त्यांच्या औषधाने पहिल्याला हातही लावला नव्हता. दुसऱ्याची वाट तेवढी बंद केली होती.

“मग हे पास कसं झालं?” अवनीने विचारलं.

“नोंदीत मी ‘वेदनेच्या तक्रारीत घट’ असं लिहिलं होतं. वेदना आणि तक्रार एकच, असं धरून चाललो. साक्षीने तक्रारी मोजल्या.”

“आणि दुष्परिणाम?”

“तेही रुग्णाच्या तक्रारींवरूनच कळतात.”

अवनीचा आवाज चढला नाही. “एक शब्द नीट लिहायचा तुम्हाला कंटाळा आला, डॉक्टर. त्यापायी माझ्या बहिणीची जीभ गेली. अशा किती जणी आज ‘काही नाही’ म्हणत बसल्या असतील?”

 परवानगी मागे घ्यावी म्हणून कुलथेंनी आधीच साक्षीला विनवून पाहिलं होतं, पण नोंदीबाहेरचं ती ऐकत नव्हती. रुग्णालयांनाही औषध चालूच हवं होतं. वॉर्ड कसे शांत झाले होते. तरी त्यांनी दोघींच्या देखत मैथिलीची सगळी हकीकत साक्षीला कळवली. उत्तर लगेच पडद्यावर उमटलं.

‘औषध थांबवताच तक्रार वाढली. परिणामकारकतेचा आणखी एक पुरावा म्हणून नोंद घेतली आहे. औषध पुन्हा सुरू करावे.’

मैथिलीने ते वाचलं. तेवढ्यात खिडकीतून वाऱ्याची झुळूक आली आणि तिच्या गालातून कळ उठली. आपली किंकाळी कोणाच्या बाजूने मोजली जाईल, हे तिला आता कळलं होतं. तिने खुर्चीचे हात घट्ट धरले, ओठ मिटले आणि हूं की चूं केलं नाही.