तीन फुल्या

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका आजोबांची सून त्यांच्या आठवणींच्या चार वह्या घेऊन दुकानात आली, तेव्हा धाकटी नुकतीच डबा उघडायच्या बेतात होती. टायपिंगचं हे दुकान दोघी बहिणींनी एकवीस वर्षं चालवलं होतं. थोरली जाऊन दोन महिने झाले होते. जुनी गिऱ्हाइकं अजून दारात थबकायची, रिकाम्या खुर्चीकडे बघायची आणि उगाच घसा खाकरायची. ही सून नवीन होती. ती सरळ मुद्द्यावर आली.

"अक्षर फार वाईट आहे हो. हात कापतो त्यांचा. पण पुस्तक बघितल्याशिवाय जाणार नाही म्हणून अडून बसलेत."

"कुठे जाणार?" धाकटीने विचारलं, आणि विचारल्यावर तिच्या लक्षात आलं.

"डॉक्टर दीड महिना म्हणतात," सून म्हणाली. "पुस्तकाचं नाव ठेवलंय 'वरखाली'. हसू नका."

धाकटी हसली. बऱ्याच दिवसांनी हसल्यामुळे तिला गाल जरा दुखल्यासारखे वाटले.

दोघी बहिणींची कामाची वाटणी ठरलेली होती. टाइप करायची धाकटी, कारण तिचा हात चालायचा. मांडणी करायची ताई. समास किती सोडायचा, ओळींमध्ये अंतर किती, प्रकरणाचं नाव ठळक करून मधोमध कसं आणायचं, पानांचे आकडे कुठे टाकायचे, सगळं तिच्याकडे. धाकटी परिच्छेदाची पहिली ओळ स्पेसबार दाबदाबून आत ढकलायची. मग ताई छुपी चिन्हं दाखवणारं बटण दाबायची, पडद्यावर बारीक ठिपक्यांची रांग उमटायची आणि ती म्हणायची, "सोडल्यास परत मुंग्या."

अक्षर लागलं नाही तर अंदाजाने काही घालायचं नाही, तीन फुल्या टाकून पुढे जायचं, हा दोघींचा नियम. संध्याकाळी ताई फाइंडमध्ये तीन फुल्या देऊन एकेक जागा गाठायची, गिऱ्हाइकाला विचारायची आणि शब्द भरायची.

पहिल्या दिवशी धाकटीने अकरा पानं उरकली आणि सवयीने चौदा जागी फुल्या टाकल्या. सहा वाजता सेव्ह करून, शटर ओढून ती घरी निघाली. त्या चौदा जागांसाठी आता आपल्यालाच फोन करायला हवा, हे तिला घराच्या पायऱ्या चढताना सुचलं.

सकाळी तिने फाइल उघडून फुल्या शोधल्या. एकही सापडली नाही.

ती पानापानाने खाली गेली. 'सातव्या मजल्याच्या वर' असं टाइप करून पुढे तिने फुल्या टाकल्या होत्या. तिथे आता 'दोन शिक्षिका आणि एक कोंबडी अडकली' असं होतं. तिने भिंग घेऊन वही पाहिली. नीट बघितल्यावर ती गिचमीड खरंच कोंबडीचीच होती. प्रकरणाचं नाव ठळक होऊन मधोमध बसलं होतं. धाकटीने चिन्हांचं बटण दाबलं. एकही मुंगी नव्हती.

दुकानाची किल्ली एकच होती आणि ती तिच्या पर्समध्ये होती. खोलीत निलगिरीच्या तेलाचा मंद वास होता. डोकं दुखलं की ताई कपाळाला लावायची ते. पंखा फिरत होता आणि वास मात्र हलत नव्हता.  धाकटीने दुसरं प्रकरण काढलं.

तिने कोणाला सांगितलं नाही. काय सांगणार? दोन दिवस गेले. चौथ्या दिवशी वहीत एके ठिकाणी 'तेल' असं लिहिलेलं होतं, अगदी पहिलीतल्या मुलालाही वाचता यावं असं. धाकटीचं बोट क्षणभर थांबलं. तिने तीन फुल्या टाकल्या.

सकाळी तिथे 'तेल' होतं.

मग तिला सवयच लागली. रोज तीस, रोज चाळीस. संध्याकाळी घरी एका वहीत ती ताईबद्दल दोन-चार ओळी लिहायची, कोणाला न दाखवता. पण खरा दिवस सुरू व्हायचा तो सकाळी शटर वर केल्यावर. पुस्तक लवकर संपू नये, असं तिला वाटू लागलं.

तिसऱ्या आठवड्यात सून दुकानात आली. "एक सांगू का? राग मानू नका. तुमच्या मोठ्या बाईंना सांगा, आमच्या सासऱ्यांना फार बोलायला लावू नका."

"कोणाला सांगू?"

"सहानंतर येतात ना शब्द विचारायला. मी कामावरून आठला येते, तेव्हा गेलेल्या असतात. पूर्वी दहा मिनिटं बसायच्या म्हणे. आता… दोन-दोन तास."

धाकटीने त्या दिवशीचं टायपिंग संपवलं, साडेपाचलाच दुकान बंद केलं आणि आजोबांचं घर गाठलं. चौथा मजला. इमारतीची लिफ्ट बंद होती.

"चाळीस वर्षं लोकांना वर पोचवलं," आजोबा पलंगावरून म्हणाले, "आता आमच्याच वेळी मशीन बंद. ये, बस."

पलंगाला एक खुर्ची अगदी टेकवून ठेवलेली होती. धाकटी उभीच राहिली.

"शब्द विचारायला येतात त्या बाई कशा दिसतात?"

"तुझ्यासारखीच. पण केस पांढरे. चष्मा साखळीला अडकवलेला, कानामागे पेन्सिल." त्यांनी श्वास घेतला. "बोलायला गोड आहे. विचारते, मी सांगतो. मात्र एक गंमत झालीये. सांगितलेला शब्द माझ्याकडे राहत नाही."

"म्हणजे?"

"परवा सुनेला म्हणत होतो, दार करकरतंय, त्यात ते घाल… ते… पातळ असतं बघ. बिजागरीत घालतात."

"तेल?" धाकटी हळूच म्हणाली.

आजोबांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "तू म्हणतेस तर असेल. मी नाही कधी ऐकलं."

घड्याळात सहाला दहा मिनिटं होती. आज टाकलेल्या फुल्या एकेक करून धाकटीच्या डोळ्यांपुढे आल्या. बाविसाव्या प्रकरणात आजोबांच्या बायकोचं नाव होतं. वहीत ते प्रत्येक वेळी जपून, हात न कापू देता लिहिलेलं होतं. तिने त्या नावाच्या जागी नऊ वेळा फुल्या टाकल्या होत्या.

"येते मी," ती म्हणाली.

"ती येईलच आता. भेटून जा की."

जिना उतरताना तिला कुणी वर येताना दिसलं नाही. मधल्या एका वळणावर मात्र निलगिरीचा वास आला आणि ती भिंतीला चिकटून उभी राहिली, कुणाला तरी वाट द्यावी तशी. मग धावत सुटली.

दुकानात शिरून तिने दिवाही लावला नाही. फाइंडमध्ये फुल्या, एकेक जागा, एकेक शब्द. बोटं चुकत होती. नाव, नाव, पुन्हा नाव. नवव्यांदा ते टाइप करून तिने सेव्ह केलं आणि पुन्हा फुल्या शोधल्या. एकही उरली नव्हती. तेव्हा सहा वाजून चार मिनिटं झाली होती.

"ताई, बास आता," ती खुर्चीकडे न बघता म्हणाली.

उरलेलं पुस्तक तिने एकाही फुलीशिवाय केलं. अक्षर अडलं तर सुनेला फोन. मांडणीही स्वतःच केली. समास थोडे वाकडे झाले.

छापून, बांधून तिने पुस्तक आजोबांच्या हातात दिलं. त्यांनी बाविसावं प्रकरण काढलं, एका नावावर बोट ठेवलं आणि ते मोठ्याने उच्चारलं. दोनदा. धाकटीने खिडकीबाहेर पाहिलं.

"तुझी बहीण येत नाही हल्ली," ते म्हणाले. "शेवटची आली त्या दिवशी काहीच विचारलं नाही. नुसती बसली. म्हणाली, धाकटीला अक्षर लागतं, मुद्दाम करते."

"रागावली होती?"

"छे. खूश होती. दुसरं काम मिळालंय म्हणाली. अक्षर ओळखीचं आहे."

धाकटी दुकानात परतली तेव्हा उन्हं अजून होती. पडद्यावर एक नवी फाइल उघडी होती. समास सरळ, पहिली ओळ आत, प्रकरणाचं नाव मधोमध. धाकटीने वाचायला सुरुवात केली आणि तिला कळलं, या तर आपल्या घरच्या वहीतल्या ओळी आहेत, तिने स्वतः लिहिलेल्या. कुठेही गाळलेली जागा नव्हती. सगळे शब्द भरलेले होते. आपल्याला येऊन कोणी काही विचारल्याचं तिला आठवत नव्हतं.

'मी आणि,' अशी पहिली ओळ होती, आणि पुढे दोन अक्षरांचा एक शब्द. धाकटीने तो वाचला. परत वाचला, ओठ हलवून. तोच शब्द खाली प्रत्येक ओळीत होता.

कुणाचं तरी नाव असावं. तिने मान वर करून रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, काही आठवतंय का म्हणून. मग पहिल्या ओळीतला तो शब्द पुसून तिथे तीन फुल्या टाकल्या.