यादीतला चौथा

"एकदा नाव सांगितलं की यंत्र विसरत नाही. माणसाचं काही सांगता येत नाही."

हा आवाज ताईनं नऊ वर्षांपूर्वी ऐकला होता. नवरा स्टुलावर चढून भिंतीवर वायफायचा डबा ठोकत होता. तोंडात टेस्टर धरलेला, म्हणून निम्मे शब्द ओठांतच अडकलेले. ती खालून स्टूल धरून हसत होती.

पुढचं जे सांगतेय ते घडलेलं आहे. पटलं तर वाचा, नाही पटलं तर सोडून द्या, माझा आग्रह नाही. पण ज्या खोलीत हे घडलं तिथं मी बसून आलेय. आणि हे लिहिताना माझ्या फोनचं वायफाय मी बंद ठेवलंय.

रात्र नव्हती. वादळ नव्हतं.

गुरुवार होता. दुपारचे चार. खिडकीतलं ऊन टेबलावर उतरलं होतं, दोऱ्यांच्या रिळांवर रेंगाळत होतं.

ताई भरतकाम करते. हातानं नाही, यंत्रानं. समोरच्या खोलीत तिचं बारा सुयांचं यंत्र आहे. संगणकावर नक्षी काढायची, वायफायवरून यंत्राला पाठवायची, की ते खटाखट टाके घालत सुटतं. नवरा वायरमन होता, गल्लीही त्याला वायरमनच म्हणायची. बंद पडलेल्या कुठल्याशा ऑफिसातून जुना संगणक उचलून आणला आणि त्यात लिनक्स घातलं ते त्यानंच. लिनक्सच्या चिन्हातला पक्षी पडद्यावर बघून सासूबाई त्याला अजून 'पेंग्विनचा डबा' म्हणतात.

वायरमनला जाऊन दोन वर्षं झाली होती.

एका संध्याकाळी त्याचं आणि सासूबाईंचं वाजलं. यंत्र तेव्हा मागच्या अंधाऱ्या खोलीत होतं. ते समोर, उजेडात आणायचं असं त्याचं म्हणणं. सासूबाईंना ते नको होतं. ताई त्या वेळी तयार माल पोचवायला गेली होती. तो तणतणत घराबाहेर पडला...

सकाळी कालव्यात सापडला.

खिशातला फोन सापडला नाही. कधीच नाही.

पाय घसरला, असं पोलीस म्हणाले. बायकोच्या हट्टापायी जीव दिला, असं गल्ली म्हणाली. आणि सासूबाई येईल त्याला एकच सांगत राहिल्या, की गेला तो गेलाच, मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

गल्लीचं बोलणं ताईनं झटकून टाकलं. यंत्र स्वतःच ओढत समोरच्या खोलीत आणलं, आणि कुणाची टाप होती का तिला अडवायची. पण सासूबाईंचं ते वाक्य मात्र आत रुतून बसलं. बोटात मोडलेल्या सुईसारखं. वरून दिसत नाही, दाबलं की कळ येते.

तो असा पाठ फिरवून जाणारा माणूस नव्हता. तिला ठाऊक होतं. पण सिद्ध कसं करणार...

तर त्या गुरुवारी भिंतीवरचा वायफायचा डबा जळाला. एक चट् आवाज, थोडा वास, संपला.

शाळेचे बिल्ले संध्याकाळी सातला द्यायचे होते. ताईनं धाकट्या बहिणीला फोन लावला. ही चिमणी एका कॉलेजात संगणक सांभाळते. ती म्हणाली, डब्याच्या नावानं रडत बसू नकोस, इंटरनेटची वायर थेट पेंग्विनला लाव. मग सेटिंग्जमध्ये जा, वायफाय उघड, कोपऱ्यातले तीन ठिपके दाब, तिथं हॉटस्पॉट चालू करा असं येईल. तुझा संगणकच वायफाय वाटत बसेल.

ताईनं विचारलं, नाव काय देऊ?

"दे काहीही. 'चिमणी झिंदाबाद' दे."

पण काहीही देऊन चालणार नव्हतं. भरतकामाच्या यंत्राचा पडदा खालून मेलेला होता. अक्षरांवर बोट ठेवलं तरी उमटायची नाहीत. नवा पासवर्ड त्याच्या गळी उतरवायचा कसा?

ताईनं डोकं चालवलं. वायरमननं नऊ वर्षांपूर्वी ठेवलेलं नाव जसंच्या तसं टाकलं... 'शेजाऱ्यांनो विचारू नका'. पासवर्डही त्याचाच. यंत्राला वाटावं की जुनंच घर आहे, काही बदललेलं नाही.

चूक म्हणा, नाहीतर आणखी काही म्हणा.

बटण दाबलं.

यंत्र टिंग वाजलं. ओळख पटली. बारा सुया खाली वाकल्या आणि पहिला बिल्ला सुरू झाला.

ताईचा फोन आपसूक जोडला गेला. आतल्या खोलीत पडलेल्या सासूबाईंचाही. चिमणी खूश झाली. म्हणाली, आता काळ्या खिडकीत मी सांगते ती ओळ लिही, कोण कोण जोडलंय ते दिसेल. प्रत्येकाचा नंबर असेल आणि त्यापुढं उणे आकडा. उणे नव्वद म्हणजे लांब कुठंतरी, उणे तीस म्हणजे मांडीला मांडी लावून.

ताईनं ओळ लिहिली.

"किती दिसतात? तीन ना?"

ताईनं मोजले. पुन्हा मोजले.

"चार."

चौथ्यापुढं उणे चौऱ्याऐंशी.

कुणीतरी शेजारी असेल, चिमणी म्हणाली. ताई म्हणाली, हा पासवर्ड वायरमननं शेजाऱ्याला काय, तुलासुद्धा दिला नव्हता. तू किती भांडली होतीस, आठव.

मग ताईला एक सुचलं. वायरमनला सवय होती. घरात जे जे वायफायला जोडायचं, त्याचा लांबलचक नंबर तो मीटरच्या पेटीच्या झाकणाआड पेन्सिलीनं लिहून ठेवायचा. ती उठली. झाकण उघडलं. चार ओळी होत्या. यंत्र, ही, आई...

चौथ्या ओळीतला नंबर तिनं पडद्यावरच्या नंबराशी ताडून पाहिला. अक्षर अन् अक्षर जुळलं.

त्या नंबरापुढं लिहिलं होतं... मी.

तेवढ्यात यंत्र थांबलं.

दोरा तुटला नव्हता. वीज गेली नव्हती. अर्धं अक्षर टाकून बाराही सुया हवेत उभ्या राहिल्या.

मग ताईच्या लक्षात आलं, की बाहेरचंही सगळं थांबलंय. पलीकडच्या सुताराची करवत... नाही. पोरांचा चेंडू... नाही. ऊन तेवढं होतं, जिथल्या तिथं.

तिनं ती ओळ पुन्हा चालवली.

उणे सत्त्याहत्तर.

पुन्हा.

उणे एकोणसत्तर.

कुणीतरी गल्लीतून चालत येत होतं. सावकाश. पावलांचा आवाज नव्हता. नुसते आकडे येत होते.

फोनवर चिमणीचा आवाज बारीक झाला. ताई, बंद कर ते. वरचंच बटण आहे, दाब आणि घराबाहेर पड.

"का बंद करू?" ताई म्हणाली. "दोन वर्षं सगळे मला सांगतायत की ते गेले. आता येतायत, तर मीच दिवा मालवू? मी नाही हलणार."

उणे अठ्ठावन्न. गल्ली संपली.

उणे पन्नास. पायऱ्या.

आतल्या खोलीचं दार करकरलं. सासूबाई भिंत धरत बाहेर आल्या. कुणी त्यांना काही सांगितलं नव्हतं. त्यांनी काही विचारलंही नाही. सरळ संगणकाच्या वायरला हात घातला.

ताईनं त्यांच्या हातावर हात ठेवला.

"आई, सोडा. हे चालू राहणार."

उणे एक्केचाळीस.

आकडा तिथं थांबला.

ताईनं पाच वेळा ओळ चालवली. पाचही वेळा एक्केचाळीस. ती टेबलापासून दारापर्यंतचं अंतर डोळ्यांनी मोजत राहिली. जो कुणी होता, तो दाराच्या पलीकडं उभा होता. टकटक नाही. हाक नाही.

दार उघडू नकोस, असं सासूबाई पुटपुटल्या. ताईनं ऐकलं, आणि चार पावलांत जाऊन कडी काढली. दार सताड उघडलं.

पायऱ्यांवर ऊन होतं. कठड्याला ताईची सायकल टेकलेली होती. माणूस नव्हता.

"अहो, या," ताई म्हणाली. "आपलंच घर आहे. यंत्र उजेडात आणलंय, बघा. मी भीत नाही तुम्हाला. या आत."

मागं वळून पाहिलं.

एक्केचाळीस.

उघड्या दारातूनही तो आत येईना. जणू दार अजून बंदच होतं... त्याच्यासाठी.

चिमणी अजून फोनवरच होती. नंतर तिनं सांगितलं, की तिला पलीकडून कुणाचातरी श्वास ऐकू येत होता, आणि तो ताईचा नव्हता. सासूबाईंचा असेल. असेलही. ती अजून शपथेवर सांगत नाही.

ताईनं सासूबाईंकडं पाहिलं. त्या पडद्याकडं बघतच नव्हत्या. नजर लोंबत्या कडीवर खिळलेली होती. दोन वर्षांत पहिल्यांदा ताईला त्यांची भीती नाही, राग नाही, नुसतं कुतूहल वाटलं. तिनं अगदी हळू विचारलं, जसं आजारी माणसाला विचारावं.

"आई, ते आत का येत नाहीत?"

सासूबाई खाली बसल्या. दोऱ्यांच्या तुकड्यांवर, जमिनीवरच. पडद्यावरचा आकडा हलला नाही.

मग त्या बोलल्या.

"तो परत आला होता गं. त्याच संध्याकाळी, अर्ध्या तासात. इथंच उभा होता. आई, चुकलं माझं, उघड, म्हणाला. चारदा म्हणाला. मी आतून कडीवर हात ठेवून उभी होते... काढली नाही."