फरशीवरचा ओरखडा

ताईनं कपाट उघडलं. निवड यादीचा लिफाफा जागेवर नव्हता.

अकराला नगरपालिकेच्या नव्या अध्यक्षबाई ती जाहीर करणार होत्या. वशिल्याशिवाय झालेली पहिली नोकरभरती. याच शब्दावर त्या महिन्यापूर्वी निवडून आल्या होत्या. कपाटाची जबाबदारी मात्र रेकॉर्ड सांभाळणाऱ्या ताईची.

"पाचपर्यंत यादी द्या, नाहीतर पोलीस," हेडक्लार्क म्हणाले. "आणि मला पाहायचं होतं, परीक्षेला बसलेली बाईंची लेक वशिल्याशिवाय काय दिवे लावते ते!"

ताईच्या डोळ्यांसमोर पाळणाघरातलं तिचं आठ महिन्यांचं बाळ आलं. मान खाली गेली. कपाटाच्या दारापुढे फरशीवर अर्धगोल, ताजा, पांढरा ओरखडा होता.

"काका, काल कपाट उघडलंत?"

"वीस वर्षं उघडतोय, पोरी," शिपाईकाका म्हणाले. "दार खाली आलंय, फरशीला घासतं. उचलल्याशिवाय मी ओढतच नाही."

"आणि हेडक्लार्क?"

"त्यांनीच तर मला शिकवलं."

"दुसरी किल्ली?"

"बाईंच्या केबिनमध्ये, खिळ्याला."

ताईनं पुन्हा कपाटात पाहिलं. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे जसेच्या तसे, लाखेचं सीलही शाबूत. तिला कळलं. कळलं नसतं तर बरं, असंही वाटलं.

पावणेपाचला ती केबिनमध्ये शिरली.

"सापडली यादी?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"तुमच्याकडेच आहे, बाई. इथल्या सगळ्यांचा हात ते दार आपोआप उचलतो. ज्यानं ओढलं, तो नवा. किल्ली तुमच्या खिळ्याची. निकाल फिरवायचा असता तर उत्तरपत्रिका गेल्या असत्या. चोराला निकाल फक्त दडवायचा होता." "लेक पहिली आली ना?"

बाईंनी खणातून लिफाफा काढला. फोडलेला.

"आईचा जीव, नुसतं बघणार होते. पहिलंच नाव तिचं! कोण विश्वास ठेवेल? पोर बदनाम होईल, भरतीही बुडेल. तुला नंतर सोडवलं असतं गं."

"पोलीस आल्यावर? माझ्या बाळाला कुणी पाजलं असतं?"

बाईंनी लिफाफा टेबलावर ठेवला.

"तिनंही नोकरी कमावलीय, मीही. एकीची झाकायला दुसरीची घेऊ नका."

पाचला बाई सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या. "लिफाफा मी चोरला. आता उत्तरपत्रिका बाहेर मांडते. ज्याला शंका असेल, त्यानं तपासाव्यात."

त्यांनी कपाटाचं दार ओढलं. फरशी करकरली.

"उचलून, बाई," शिपाईकाका हळूच म्हणाले.