तळघर

दीपमालाच्या लग्नात आबांनी बुद्धवंदना म्हटलीच नाही. पण तसं काही झालंच नाही असं धरून चालू. घरातले सगळे तसंच धरून चालतात, आणि वाद घालायचं त्राण मिलिंदमध्ये उरलेलं नाही.

१९९९ सालचा मार्च. इस्लामपूरच्या दोन खोल्यांच्या घरात मिलिंदनं कॉम्प्युटरवर वेब सर्व्हर बसवला होता. वस्तीतल्या प्रत्येक लग्नात त्रिशरण-पंचशील त्याच्या वडिलांच्या, आबांच्याच आवाजात व्हायचं. धाकटी बहीण दीपमाला सांगलीत नोकरीला. ती म्हणाली, "दादा, लग्नापर्यंत आबांचा आवाज मला रोज ऐकायचाय." मग मिलिंदनं आबांना माइकसमोर बसवलं. सगळं रेकॉर्डिंग एका हार्ड डिस्कवर मावेना, म्हणून तीन जोडल्या. कुठलं कुठं ठेवलंय हे विसरायला नको म्हणून तिन्हींना घरातल्या जागांची नावं दिली: सोपा, सैपाकघर, परडं. दीपमाला ऑफिसातून मोडेमनं जोडून घ्यायची, जागेचं नाव टाकायची आणि आतलं ऐकायची.

एका दुपारी तिचा फोन आला. "आवाज लय छान आलाय, दादा. तळघरातला तर एकदम स्वच्छ."

"कसलं तळघर?"

"यादीत चौथं हाय की."

घराला तळघर नव्हतं. इस्लामपूरच्या काळ्या मातीत ते काढणार तरी कोण? मिलिंदनं यादी बघितली. होतं. आत एकच फाइल, दोन सेकंदांची. आबांचा आवाज: "मिलिंद."

संध्याकाळी आबांनी हाक मारली, "आरं... ए... ह्यो..." आणि स्वतःवरच चिडले. "तुझं नाव काय ठेवलं व्हतं रं आमी?"

दुसऱ्या दिवशी तळघरात "च्या" आला. आबा कपाकडं बोट दाखवून म्हणाले, "त्ये दे की. गरम."

आई म्हणाली, "आवं, थट्टा किती करावी माणसानं!"

तिसऱ्या दिवशी तळघरात "बुद्धं" आला. घरात आबा गाथेला बसले, तोंड उघडलं आणि तसेच बसून राहिले. लग्न चार दिवसांवर, रविवारी होतं.

मिलिंदनं मशीन बंद केलं. तिन्ही डिस्क काढून गादीवर ठेवल्या.

तासाभरानं फोन वाजला.

"दादा, आज 'सरणं' आलंय. ऐकतेच आहे."

"कुठून?"

"तळघरातनं."

मोडेमची वायर मिलिंदच्या हातात होती.

आबांना सांगितलं, सरणं म्हणा. आबांनी नकारार्थी मान हलवली. डोळे भरले होते.

मिलिंदनं डिस्क परत जोडल्या. मागणी करायची तर लेखी करावी, एवढं त्याला माहीत होतं. अर्ज टाइप केला. अजून सेव्ह केला नव्हता.

तळघरात नवी फाइल दिसली. नाव: अर्ज.

त्यानं ती लावली. समोर आबा चहात खारी बुडवत होते. तोंड मिटलेलं. स्पीकरमधून त्यांचाच आवाज मिलिंदचा अर्ज वाचू लागला, शांत, खणखणीत:

"माननीय व्यवस्थापक, तळघर, यांस. सदर इसमाचे शब्द येत्या रविवारी दुपारी बारा ते साडेबारा एवढ्या वेळेपुरते परत मिळावेत, ही नम्र विनंती. वापर झाल्यावर ते सुस्थितीत जमा करण्यात येतील."